आंबट वास आला तर

आसलाउगच्या फ्रिजवर, चुंबकाखाली, चिठ्ठी आहे:
रात्री भिजव. सकाळी निथळ.
दिवसातून तीनदा धू.
बरणी उलटी ठेव, जरा तिरकी, तोंडाला फडकं.
आंबट वास आला तर फेकून दे.
या शेवटच्या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्यात,
जणू मला वास कळत नाही.

मला!
एकतीस वर्षं वार्डोच्या गोदामात
सुका कॉड नाकाशी धरून मी त्याची प्रत ठरवली.
हा इटलीला, हा लागोसला, हा कुत्र्यांना.
एकदाच हुंगायचं.
दुसऱ्यांदा हुंगलं की नाक खोटं बोलू लागतं.
लोक म्हणायचे, गुडमुंड म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस.
खरं आहे ते.
नाकाच्या पुढे मी कधी गेलोच नाही.

ती दारातल्या पायरीवर घसरली.
बर्फ होता, वर मीठ टाकायचं राहिलं होतं,
आणि मीठ टाकायची पाळी माझी होती.
स्ट्रेचरवरून तिने किल्ली माझ्या हातमोज्यात कोंबली.
"नुसतं कोरडं बी घालू नकोस त्यांना,
यकृतावर चरबी चढते."
मोडलेल्या हाडाबद्दल एक शब्द नाही.

तर हे दोन कॉकाटील,
ट्रुल्स आणि पेट्रा,
गालांवर नारिंगी टिकल्या, डोक्यावर सतत उभा राहिलेला प्रश्न.
आणि ही बरणी: गहू, मूग, सोललेलं सूर्यफूल.

पहिली खेप मी हीटरवर ठेवली. ऊब लागेल म्हणून.
दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं
आणि नाकाने एका श्वासात निकाल दिला.
कुत्र्यांनाही नाही.
सगळं कचऱ्यात. बरणी उकळत्या पाण्यात.
पेट्राने पिंजऱ्यातून पाहिलं आणि पाठ फिरवली.

दुसरी खेप खिडकीत.
खिडकी म्हणायची ती उगाच, बाहेर काही नाही.
डिसेंबर आहे. दुपारी तासभर बंदरावर निळसर काहीतरी येतं,
क्रेन दिसते, मग क्रेनही जाते.
सूर्य आता जानेवारीत, तोही अर्धाच.
बियांना हे कुणी कळवलेलं नाही.

सकाळी धुतलं. दुपारी धुतलं.
रात्री झोपलो होतो, उठलो,
बुटांत पाय घालून तिच्या घरी गेलो
आणि वाऱ्यात टोपी गेली ती गेलीच.

तिसऱ्या दिवशी गव्हाच्या टोकाला
पांढरं काहीतरी. आधी वाटलं बुरशी.
चष्मा लावला.
शेपूट होतं. तांदळाच्या कणीएवढं.
मुगाने हिरवी बंडी खांद्यावरून उतरवली होती.
आयुष्यभर मी जे हाताळलं ते वाळत जायचं,
मांडवावर टांगलेलं, दर आठवड्याला हलकं.
हे वजनाला भारी झालं होतं.

किर्केनेसला फोन लावला.
"मोड आले," मी म्हणालो, जरा मोठ्यानेच.
"केवढे?"
"कणीएवढे."
"मग आत्ता घाल. लांब होईपर्यंत थांबू नकोस,
आणि उरलेलं दुपारपर्यंत काढून टाक."
मग गप्प. मागे कुणाची तरी ट्रॉली.
"वास?"

मी बरणी नाकाशी धरली. एकदाच.
ओली माती? नाही, इथे माती कुठे, सगळा खडक.
कच्च्या शेंगेसारखा. पावसातल्या दोरखंडासारखा, पण गोड.
माझ्याकडे या वासाला प्रत नव्हती.
"चांगला आहे," मी म्हणालो.
तिला मिठाचं सांगायचं होतं. सांगितलं नाही.

ट्रुल्सने वाटीच्या काठावरून वाकून पाहिलं,
एक मूग उचलला, टाकला,
तोच पुन्हा उचलला.
पेट्राने विचारलंच नाही. खाऊ लागली.

मी एक दाणा तोंडात टाकला.
मग आणखी एक.
मग नवी मूठ भिजत घातली, थोडी मोठी,
आणि बाहेर जाऊन
पायरीवर मीठ पसरलं.